आधी क्रियापद, मग नाम

संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी काही महिन्यांपूर्वी आमच्या मराठी विभागात आला. पहिल्या वर्षाला त्याने माझ्याकडे मराठीचा एक पेपर घेतला होता, एवढीच ओळख. त्याला व्हिडिओ गेम करायचा होता आणि विषयही पक्का होता : ऊसतोड. त्याचे आईवडील पंधरा हंगाम बीडकडून पश्चिम महाराष्ट्रात तोडीला गेले होते; त्यातले चार हंगाम तोही कोपीत वाढला होता. "मॅडम, आयडिया आहे, पण जॉनर ठरत नाही. ॲक्शन ठेवू, पझल ठेवू की सिम्युलेशन? आणि कथा तुमच्याकडून पाहिजे," तो म्हणाला.

त्या दिवशी विभागात जी चर्चा झाली, तिच्यामुळे हा लेख लिहावा लागतो आहे. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "आधी चांगली कथा लिही. कथा भक्कम असली की ती कुठल्याही साच्यात बसते." त्याच्या बरोबर आलेला, एका कंपनीत कामाला लागलेला मित्र म्हणाला, "सर, कथा कोणी वाचत नाही. आधी चालणारा जॉनर घ्यायचा, मग वरून आपला विषय चढवायचा." दोघांना आपण परस्परविरोधी बोलत आहोत असे वाटत होते. माझ्या मते दोघे एकच चूक करत होते. दोघांच्याही लेखी खेळाचा प्रकार म्हणजे भांडे. वाद फक्त भांडे आधी आणायचे की भाजी आधी शिजवायची एवढ्यापुरता.

ह्या समजुतीला माझा विरोध आहे, आणि तो सौम्य शब्दांत मांडण्याची माझी इच्छा नाही. व्हिडिओ गेम हा आज आपल्या विद्यार्थ्यांच्या आयुष्यात कादंबरी, नाटक आणि चित्रपट ह्यांच्या एवढीच, कदाचित त्यांहून अधिक, जागा व्यापणारा प्रकार आहे. त्याच्याविषयी आपल्याकडे सार्वजनिक चर्चा होते ती दोनच अंगांनी. एक, मुले बिघडतात. दोन, उद्योग वाढतो. २०२५ च्या मे महिन्यात मुंबईत ‘वेव्हज’ परिषद झाली, तिथे उद्योगाची भाषा होती; त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा व्यसनाची भाषा होती. दोन्ही भाषा आवश्यक असतील. पण खेळ काय म्हणतो, आणि तो जे म्हणतो ते कशाच्या आधारे म्हणतो, हा प्रश्न विचारणारी तिसरी भाषा, म्हणजे समीक्षेची भाषा, कुठे आहे? ती घडवण्याचे काम ज्यांचे आहे ते आपण, मराठीचे अध्यापक, ‘आधी कथा लिही’ म्हणून मोकळे होतो.

साहित्याच्या बाबतीत आपण इतके भाबडे नाही. आशय आणि अभिव्यक्ती वेगळ्या काढता येत नाहीत हे आपण दरवर्षी एम. ए.च्या वर्गात फळ्यावर लिहितो. वर्गातलेच उदाहरण घ्यायचे तर महात्मा फुले ह्यांचे घ्यावे. शोषणाचा एकच विषय आयुष्यभर हाताळणाऱ्या ह्या माणसाने १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले, १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पवाडा रचला, १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ संवादरूपात मांडली, आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ मात्र सलग विवेचनाच्या गद्यात लिहिला. ह्या निवडी योगायोगाने झाल्या असे कोण म्हणेल? पवाडा उभ्याने, समूहापुढे, डफावर गायचा असतो. शिवाजी महाराजांना ‘कुळवाडीभूषण’ म्हणून कुळवाड्यांच्या हाती परत द्यायचे तर तो प्रकार हाच. ‘गुलामगिरी’त धोंडिबा प्रश्न विचारतो, कारण प्रश्न विचारण्याचा अधिकार हाच तिथला विषय आहे. फुल्यांनी भांडे निवडले नाही. वाचकाने किंवा श्रोत्याने काय करावे हे त्यांनी निवडले : पाहावे, गावे, विचारावे, की हिशेब तपासावा.

हाच मुद्दा खेळाला लावला की तो अधिक धारदार होतो. कारण कादंबरीचा वाचक वाचतो, नाटकाचा प्रेक्षक पाहतो, पण खेळणारा करतो. खेळ हे क्रियापदांचे साहित्य आहे. खेळ घडवणारे लोक ज्याला ‘कोअर गेमप्ले’ म्हणतात, ती म्हणजे खेळणाऱ्याने पुन्हा पुन्हा, शेकडो वेळा करायची मूळ क्रिया. उडी मारणे, नेम धरणे, रचणे, लपणे, विकत घेणे. आणि ‘जॉनर’ म्हणजे अशा क्रियांचे वाक्यप्रकार. शूटरमध्ये वाक्य ‘दिसला की मार’ असे असते. रनरमध्ये ‘थांबू नकोस, चुकव आणि वेच’ असे. स्ट्रॅटेजीत ‘जमव आणि पसर’ असे.

नामे सहज बदलतात, क्रियापद चिवट असते. ह्याचे जुने उदाहरण ‘डाँकी काँग’चे. निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतो ह्यांना आधी पॉपायच्या कार्टूनवर खेळ करायचा होता. हक्क मिळाले नाहीत. मग पॉपायच्या जागी एक सुतार आला, त्याच्या शत्रूच्या जागी गोरिला आला, नायिकाही बदलली, आणि १९८१ मध्ये खेळ बाहेर पडला. त्या सुताराचे पहिले नाव काय होते? ‘जंपमॅन’. उड्या मारणारा. पुढे तो मारिओ झाला, प्लंबर झाला, जगप्रसिद्ध झाला. पेशा बदलला, नाव बदलले, उडी राहिली. अॅलेक्सी पाजित्नोव्ह ह्यांच्या ‘टेट्रिस’मध्ये (१९८४) तर नामच नाही, ‘रचणे’ एवढ्या एका क्रियापदावर तो चार दशके जगभर खेळला जातो आहे.

ह्याचा दुसरा अर्थ असा की, उसन्या क्रियापदावर आपली नामे चिकटवली तर वाक्य आपले होत नाही. ‘टेम्पल रन’ (२०११) आणि ‘सबवे सर्फर्स’ (२०१२) ह्यांच्यानंतर धावखेळांची जी लाट आली, तिच्यात आपल्या देवांना, पुराणपुरुषांना आणि कार्टूनच्या नायकांनाही धावावे लागले. पळणाऱ्याच्या डोक्यावर पगडी घातली, रुळांच्या जागी गडाची वाट आणली, नाण्यांच्या जागी होन ठेवले की ‘आपल्या मातीतला खेळ’ तयार, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. माझा प्रश्न साधा आहे. गनिमी काव्याचे क्रियापद ‘पळत सुटणे आणि वाटेतले सोने वेचणे’ हे आहे का? वाट पाहणे, भूगोल ओळखणे, थोड्या माणसांत भागवणे, वेळेवर माघार घेणे ही त्याची क्रियापदे. ती न घेता नुसता मावळा घेतला, तर आपण इतिहास खेळत नाही. इतिहासाचे चित्र असलेला टी-शर्ट घालून दुसऱ्याचाच खेळ खेळतो. ह्याला अभिमान म्हणायचे असेल तर म्हणावे. कल्पकता म्हणू नये.

क्रियापद लेखकाच्या हेतूलाही कसे पुरून उरते ह्याचे उदाहरण आपल्या सगळ्यांच्या घरात पडून आहे. लहानपणी आपण ‘व्यापार’ खेळलो. त्याचे मूळ ‘मोनोपोली’त, आणि मोनोपोलीचे मूळ एलिझाबेथ मॅगी ह्या अमेरिकन बाईंच्या ‘लँडलॉर्ड्स गेम’मध्ये, त्याचे पेटंट त्यांनी १९०४ मध्ये घेतले. मॅगी हेन्री जॉर्ज ह्या अर्थचिंतकाच्या अनुयायी होत्या. जमिनीचे भाडे काही थोड्या लोकांच्या हाती संपत्ती कशी गोळा करते आणि बाकीच्यांना कसे कंगाल करते, हे लोकांना दाखवावे म्हणून त्यांनी तो खेळ रचला. पुढे त्याला नियमांचे दोन संच होते : एकात संपत्ती निर्माण झाली की सर्वांना वाटा मिळे, दुसऱ्यात एकाने बाकीच्यांना चिरडायचे. दोन्ही खेळून लोकांनी फरक ओळखावा, ही अपेक्षा. झाले काय? १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने मोनोपोली बाजारात आणला, मॅगींचे पेटंट पाचशे डॉलरना विकत घेतले, आणि जगाने दोहोंपैकी चिरडण्याचाच खेळ उचलून धरला. ‘विकत घे, भाडे वसूल कर, दुसऱ्याला बुडव’ ही क्रियापदे इतकी चविष्ट होती की त्यांच्यामागची टीका कोणाला ऐकूच आली नाही. भावंडाला दिवाळखोर करताना आपण किती खूष होत होतो हे आठवावे. मॅगींचा हेतू चोख होता. पण खेळणाऱ्याच्या हाताला जे गोड लागते तेच खेळाचे म्हणणे ठरते, प्रस्तावनेत काहीही लिहिलेले असो.

आता त्या विद्यार्थ्याकडे वळते. दोन आठवड्यांनी तो मोबाइलवर एक नमुना घेऊन आला. पडद्यावर ऊस उभा. बोट फिरवले की सपकन कापला जाई. एका दमात पाच ऊस कापले तर जादा नाणी. नाणी साठली की कोयता सुधारे : लोखंडी, मग पोलादी, मग सोनेरी. मागे हलगी वाजत होती. मी खेळले. खरे सांगायचे तर मजा आली, बोट थांबेना. मग मी विचारले, "ह्यात उचल फिटते का रे?"

"फिटते ना मॅडम. तिसऱ्या लेव्हलला."

हे बोलून तो स्वतःच गप्प झाला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आमची नाही फिटली."

त्या नमुन्यात कथा नव्हती. पण विधाने मात्र तीन होती, आणि तिन्ही खोटी. पहिले विधान असे की, वेगाने काम करणाऱ्याला बरकत येते. ऊसतोडीच्या व्यवहारात हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि टनावारी मजुरीतून ती वळती होते. हंगाम संपताना अनेकांच्या अंगावर बाकी राहते आणि ती पुढच्या हंगामाचा दोर होते. दुसरे विधान असे की, शरीराला थकवा नाही. प्रत्यक्षात एका दिवसाची सुट्टी म्हणजे ‘खाडा’, आणि खाड्याचा दंड. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ मध्ये राज्यभर झाली. पाळीच्या दिवसांतला खाडासुद्धा परवडत नाही ही त्यामागची एक गोष्ट तेव्हा शहरातल्या लोकांना कळली. तिसरे विधान अधिक सूक्ष्म आहे. त्या खेळात कोयता हे हत्यार होते आणि ते एका माणसाच्या हातात होते. तोडीच्या भाषेत ‘कोयता’ म्हणजे हत्यार नव्हे; नवराबायकोची जोडी. मुकादमाच्या वहीत माणसे नसतात, कोयते असतात. एकटा माणूस अर्धा कोयता. ज्या भाषेने दोन माणसांना मिळून एका अवजाराचे नाव दिले, त्या भाषेतला सगळा विषय सोनेरी पात्याच्या चमकेत बुडाला होता.

आणि हे त्या मुलाच्या हातून घडले होते, ज्याने चार हंगाम कोपीत काढले होते. अनुभव अस्सल असला की कलाकृती अस्सल होते, ह्या आपल्या लाडक्या गृहीतकाला ह्याहून मोठा तडा कोणता? त्याला अनुभव होता. पण त्याने क्रियापद दुकानातून आणले होते. दुकानात ‘कापणे’ हे फळे कापण्याच्या खेळातले होते, आणि ते आपल्याबरोबर आपला सगळा आनंदी संसार घेऊन आले.

मग कोणता प्रकार? इथे प्रकारांची यादी वाचून एकावर बोट ठेवण्याची पद्धत कामाची नाही. प्रत्येक प्रकार जगाविषयी आधीच काय गृहीत धरतो हे तपासावे लागते. शेतीचे सिम्युलेशन घ्या. ‘फार्मव्हिल’ (२००९) पासून ते घरोघरी पोचले. पेरा, काढा, विका, शेत वाढवा. त्याचे गृहीतक असे की, जमीन तुमची आहे आणि श्रमाने ती वाढते. ऊसतोड कामगार दुसऱ्याच्या रानात उभा असतो. साहसखेळ घ्या. तिथे शेवटी एक बलाढ्य खलनायक हवा. तो मुकादम होईल, आणि त्याला लोळवले की प्रश्न सुटेल. पण मुकादमानेही वरून पैसे उचललेले असतात, त्याच्या वर आणखी साखळी असते. एका माणसाला मारून सुटणारा प्रश्न दाखवणे म्हणजे प्रश्न लपवणे. टिकून राहण्याचा खेळ जवळचा वाटतो. वॉर्सामधल्या ‘इलेव्हन बिट’ ह्या स्टुडिओचा ‘धिस वॉर ऑफ माइन’ (२०१४) हा सारायेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला खेळ तसा आहे. त्यात आपण सैनिक नसतो, वेढ्यात अडकलेले नागरिक असतो, आणि अन्न-औषध-उबेसाठी धडपडतो. पोलंड सरकारने २०२० मध्ये तो शालेय वाचनाच्या शिफारसयादीत घेतला. तरीही युद्धातला तुटवडा वेगळा आणि तोडीतला वेगळा. तिथे वस्तू नसतात. इथे ऊस अफाट असतो, साखर अफाट असते. नसतो तो वहीतला शिल्लक आकडा.

म्हणजे वही. विषयाचे खरे क्रियापद ‘कापणे’ नसून ‘मांडणे’ आहे, किंवा मांडलेले फेडणे. आणि वहीचा खेळ कंटाळवाणा असतो असे ज्यांना वाटते त्यांनी ल्यूकस पोप ह्यांचा ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) खेळून पाहावा. एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवर आपण कागद तपासणारे कारकून असतो. क्रिया एकच : कागद पाहा, विसंगती शोधा, शिक्का मारा. प्रत्येक माणसामागे मोबदला, चुकीबद्दल दंड. संध्याकाळी घरच्यांचे अन्न, उब आणि औषध त्यातूनच भागवायचे. अशा वेळी खिडकीत एखादी बाई येते जिचे कागद अपुरे आहेत आणि नवरा पुढे गेला आहे. खेळ आपल्याला व्याख्यान देत नाही. तो फक्त शिक्का हातात देतो. ब्रेंडा रोमेरो ह्यांच्या ‘ट्रेन’ (२००९) ह्या पटावरच्या खेळाने तर ह्याच्या टोकाला जाऊन दाखवले. पिवळ्या सोंगट्या मालडब्यांत भरून गाडी मुक्कामाला न्यायची. खेळणारे हुशारीने, दाटीवाटीने सोंगट्या भरतात. गाडी पोचते, पत्ता उलटला जातो, मुक्काम असतो आउश्वित्झ. ‘कार्यक्षमतेने भरणे’ हेच तिथले क्रियापद आणि तोच आरोप. वाहतुकीचा खेळ हा प्रकार रोमेरो ह्यांनी विचारपूर्वक निवडला, कारण त्या गुन्ह्यात वाहतुकीच्या कारभाराचाही हात होता.

इथे माझ्या विषयातले, म्हणजे व्याकरणातले, थोडे उसने घेते. मराठीत प्रयोग तीन. कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते, कर्मणीत कर्माप्रमाणे, आणि भावे प्रयोगात ते कोणाचेच ऐकत नाही. बाजारातले बहुसंख्य खेळ कर्तरी प्रयोगात असतात : खेळणारा वळला की जग वळते. ‘पेपर्स, प्लीज’ कर्मणी आहे : हात खेळणाऱ्याचा, पण त्याने काय करायचे ते समोरचा कागद ठरवतो. आणि तोडीला जाणे? ‘त्याला जावे लागते, तिला जावे लागते, पोरांना जावे लागते.’ कर्ता बदलला, लिंग बदलले, वचन बदलले. ‘जावे लागते’ जागचे हलले नाही. आपल्या भाषेने सक्तीचे व्याकरण इतके नेमके घडवून ठेवले आहे. ऊसतोडीचा खेळ करायचा तर तो भावे प्रयोगात करता यावा लागेल. खेळणाऱ्याला निवड तर द्यायची, पण प्रत्येक निवडीनंतर क्रियापद तसेच उभे राहिले पाहिजे. गेम करणाऱ्यापुढची खरी अडचण ही आहे. जॉनरची यादी तिच्यापुढे गौण.

असा खेळ होऊच शकत नाही, खेळणाऱ्याला सत्ता नसेल तर तो खेळणार कशाला, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. मोक्षपट, म्हणजे आजच्या सापशिडीचा पूर्वज, ह्याचे श्रेय आपल्याकडची परंपरा ज्ञानेश्वरांना देते. ते ऐतिहासिकदृष्ट्या सिद्ध होते की नाही हा वेगळा वाद. महत्त्वाचे हे की, पाप-पुण्य शिकवणाऱ्या त्या पटावर खेळणाऱ्याला पाप किंवा पुण्य निवडता येत नाही. दान पडते, सोंगटी सरकते, साप गिळतो. नीतीचा खेळ म्हटल्यावर आधुनिक माणूस लगेच निवडीचा खेळ करील. पट रचणाऱ्यांनी निवड काढून टाकली. मागचे कर्म आठवत नाही, फळ मात्र समोर येते, हे त्यांचे म्हणणे होते आणि त्यांनी ते खेळाच्या नियमात लिहिले. तरीही शतकानुशतके लोक तो पट मांडून बसले.

मोक्षपट माझ्या मताला एक मर्यादाही घालतो, ती मान्य करायला हवी. इंग्लंडला जाऊन त्याची मुलांची सापशिडी झाली, हळूहळू घरांवरची सद्गुण-दुर्गुणांची नावे गेली, नुसते आकडे उरले. क्रियापद तेच राहिले आणि अर्थ गेला. तेव्हा क्रियापद सर्वस्व आहे असे मी म्हणत नाही. नामे गेली तर क्रियापद मुके होते. माझे म्हणणे क्रमाविषयी आहे : आधी क्रियापद, मग त्याला शोभणारी नामे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’ ह्या स्टुडिओचा ‘राजी’ (२०२०) पाहावा. राक्षसांनी पळवलेल्या भावाच्या शोधात निघालेली त्यातली मुलगी सर्कशीत कसरती करणारी आहे. त्यामुळे भिंतीवरून धावणे, खांबावरून झेप घेणे ह्या क्रिया तिच्या अंगच्या वाटतात. तिथे नाम आणि क्रियापद एकमेकांना ओळखतात. लढाईचा भाग मात्र मला इतर अनेक लढाऊ खेळांसारखाच वाटला. एकाच खेळात क्रियापद कुठे आपले आहे आणि कुठे नेहमीचे आहे, हे बोट ठेवून दाखवता येते. एवढे जरी आपण करू लागलो तरी ती समीक्षा होईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : दुःखाचा खेळ करावा का? कष्टकऱ्यांच्या हालांवर शहरातल्या मुलांनी बसल्या जागी अंगठे चालवावेत, ह्यात अश्लीलता नाही का? आहे, सोनेरी कोयत्यात ती होती. पण ती अश्लीलता क्रियापदाच्या निवडीत होती, खेळ ह्या माध्यमात नव्हती. दुःखावर नाटक चालते, कादंबरी चालते, त्यांना पुरस्कार दिलेले चालतात. फक्त खेळाने करमणुकीच्या कुंपणात राहावे, ही सोवळ्याची भूमिका आहे. मराठी साहित्याने तमाशाच्या बाबतीतही एकेकाळी असेच नाक मुरडले होते, आणि अण्णा भाऊ साठ्यांनी त्याच प्रकारातून कामगारांचे लोकनाट्य उभे केले. तिसरा आक्षेप बाजाराचा : असला खेळ विकला जाणार नाही. कदाचित नाही. पण बाजारात जे चालते आहे त्याची नक्कल विकली जाईलच, ह्याची खात्री तरी कोण देतो? बाजाराचे नाव घेऊन आपण बहुतेक वेळा आपला आळस झाकतो.

असो. त्या विद्यार्थ्याला मी कथा लिहून दिली नाही. त्याऐवजी सांगितले की, मोबाइल बाजूला ठेव आणि कागदावर वही आख. गेल्या महिन्यात तो ती घेऊन आला. कार्डे, एक पाटी, आणि पैशांच्या जागी चिंचोके. विभागाच्या टेबलावर आम्ही चौघे खेळलो. दोघे मिळून एक कोयता, अशा दोन जोड्या; मुकादमाची वही त्याच्याकडे. सुरुवातीला हातात चिंचोक्यांचा मोठा ढीग येतो, आणि तो खर्चही तिथल्या तिथे होतो : औषध, लग्न, मागची बाकी. मग दर फेरीला दोघांनी एकमेकांना न विचारता पत्ता टाकायचा, काम की खाडा. दोघांनी काम टाकले तर टन वाढतात. एकाने खाडा टाकला तर दंड दोघांना. अंगातली ताकद पाटीवर खडूने लिहायची, आणि ती पुसली जाते ती परत पूर्ण भरत नाही. पाऊण तास आम्ही हुज्जत घातली, एकमेकांवर चिडलो, चिंचोके मोजले. ‘आधी कथा लिही’ म्हणणारे ज्येष्ठ सहकारी माझे जोडीदार होते. शेवटच्या फेरीत माझी ताकद दोनवर आली असताना मी खाडा टाकला, आणि ते माझ्यावर खरोखर रागावले. मग त्यांच्या लक्षात आले की आपण कोणावर रागावलो आहोत.

हंगाम संपला तेव्हा आमच्या नावावर अकरा चिंचोके बाकी होती.

"पुढच्या हंगामाला मुकादम बदलता येतो का?" सरांनी विचारले.

"येतो की," तो वहीचे पान उलटत म्हणाला. "जुनी उचल फेडली तर."